जुन्या मोटरबोटीचं इंजिन मध्येच बंद पडतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिंडसीसारख्या तलावावरची पर्यटकांची बोट असो, नागपूरच्या आसपासच्या धरणांत फिरणारी मासेमारीची बोट असो किंवा पुरात बाहेर काढायची बचाव बोट असो, मागे लटकलेलं इंजिन म्हणजे ओबीएम (आउटबोर्ड मोटर). ही उत्तरं मुख्यतः १५ ते ४० हॉर्सपॉवरच्या, कार्बोरेटरच्या, जुन्या टू-स्ट्रोक ओबीएमसाठी आहेत. फोर-स्ट्रोकला आणि इनबोर्डला (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाला) वेगळं काय लागतं, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

इंजिन कधी मस्त चालतं, कधी मिसिंग मारून राहिलं. सुरुवात कुठून करायची?

पाना हातात घेण्याआधी वही घ्या. अधूनमधून येणारा फॉल्ट लहरी वाटतो, पण तो ठरावीक परिस्थितीतच येतो. ती परिस्थिती सापडली की अर्धं काम झालं. दर वेळी पाच गोष्टी लिहा: सुरू केल्यापासून किती मिनिटांनी त्रास झाला, टाकीत पेट्रोल किती होतं, रेस किती होती, इंजिन गरम होतं की थंड, आणि त्या क्षणी बोट वळत होती की लाटेवर आपटत होती. चार-पाच नोंदी झाल्या की साम्य दिसू लागतं.

सगळ्यात महत्त्वाची नोंद म्हणजे इंजिन बंद कसं पडलं. दिव्याचं बटण बंद करावं तसं एका क्षणात गेलं, तर आधी करंटकडे, म्हणजे ठिणगीच्या बाजूकडे पाहा. आधी दम कमी झाला, गचके दिले, थोडं सावरलं आणि मग गेलं, तर पेट्रोलकडे. हळूहळू जड होत गेलं आणि दोरी ओढताना घट्ट लागली, तर ते गरम होऊन जाम होतंय. अशा वेळी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, फिल्टर, पाइप आणि कॉइल एकाच दिवशी बदलले आणि त्रास थांबला, तर कारण कळलेलं नसतं. तो पुन्हा आला की तुम्ही पहिल्या पायरीवर.

दहा-पंधरा मिनिटं फुल रेसवर छान चालतं, मग दम तोडतं. थोडं थांबलं की पुन्हा चालतं. का?

आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहा. ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक फुल रेसवर तासाला १५ लिटर किंवा त्याहून जास्त पेट्रोल पितं. म्हणजे दहा मिनिटांत टाकीतून अडीच लिटर बाहेर जातं आणि तेवढीच हवा आत यावी लागते. स्क्रू बंद असेल किंवा भोक बुजलं असेल, तर टाकीत ओढ तयार होते आणि इंजिनाचा छोटा डायफ्रॅम पंप (रबरी पडद्याचा पेट्रोल पंप) तिच्याशी झगडत थकतो. बोट थांबवली की हवा कुठून तरी हळूहळू झिरपते, म्हणून इंजिन "आपोआप" बरं होतं.

चाचणी सोपी आहे. त्रास सुरू होताच झाकण सैल करा. सूं असा आवाज आला आणि मिनिटाभरात इंजिनाने जोर धरला, तर कारण तेच. बोटीत कायम बसवलेल्या टाकीला बाहेर काढलेली हवेची नळी असते, तिचं तोंड कुंभारीण माशी मातीने लिंपून टाकते. बोट महिनाभर शेडमध्ये उभी होती आणि मग हा त्रास सुरू झाला, तर तिथे आधी बघा. नळीला टाकीच्या बाजूने फुंकून पाहा आणि तोंडावर पितळी जाळी बसवा.

हवेचा स्क्रू उघडाच आहे, तरी तेच होतं. आता?

आता पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी बल्ब साक्ष देईल. इंजिन दम तोडत असताना दुसऱ्या माणसाला बल्ब दाबायला सांगा. दाबल्यावर इंजिन सावरलं, तर पेट्रोल पुरेसं पोहोचत नाही हे पक्कं झालं. काहीच फरक पडला नाही, तर पेट्रोलची बाजू बहुधा ठीक आहे, करंटकडे वळा.

बल्ब चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर अडथळा टाकी आणि बल्बच्या मध्ये आहे: टाकीतल्या सक्शन नळीची जाळी, टाकीकडचं कनेक्टर, किंवा पाइपचं आतलं अस्तर. हे अस्तर फार फसवतं. बाहेरून पाइप नवा दिसतो, पण आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो. ओढ वाढली की बंद, थांबलं की उघडा. त्यावर इलाज नाही, पाइप बदलावाच लागतो.

बल्ब कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर त्याच्या आतले वाल्व गेले आहेत किंवा कुठून तरी हवा येतेय. दाबताना बल्ब उभा धरा, बाण वर आणि इंजिनाच्या दिशेने. आडवा धरून दाबल्यामुळे चांगले बल्बही उगाच फेकले जातात.

इंजिन एअर घेतंय हे कसं ओळखायचं?

इंजिनाच्या तोंडाशी, फिल्टरच्या अलीकडे, १५ सेंटिमीटरचा पारदर्शक पेट्रोल पाइप तात्पुरता जोडा आणि बोट चालवून बघा. बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा येतेय. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे धरू नका.

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. दोन्ही टोकांच्या कनेक्टरमधल्या ओ-रिंग, बल्बच्या टोकांचे क्लिप, फिल्टरच्या वाटीचं वॉशर. अशा सांध्यातून पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, कारण तिथे दाब नसून ओढ असते. म्हणून "गळत नाही, म्हणजे ठीक आहे" हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. ओ-रिंग बदलताना पेट्रोलला टिकणारीच घ्या. नळाच्या वॉशरच्या दुकानातली साधी रबरी रिंग फुगते.

सगळ्यात कमी खर्चाची चाचणी अशी: दुसरी स्वच्छ टाकी, नवा पाइप, नवा बल्ब आणि ताजं पेट्रोल लावून बोट अर्धा तास चालवा. त्रास गेला, तर दोष इंजिनाच्या बाहेर आहे. राहिला, तर इंजिनावरचा पंप, फिल्टर, कार्बोरेटर. डायफ्रॅम पंपाचं किट स्वस्त असतं आणि डायफ्रॅम उजेडात धरला की सुईएवढं भोकही दिसतं. जुन्या इंजिनात ते दोन-तीन वर्षांनी बदलून टाकलेलं बरं.

आजकालच्या ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने जुन्या इंजिनाला काय होतं?

दोन वेगळे त्रास होतात. पहिला रबराचा. ज्या जुन्या ओबीएमच्या पुस्तिकांत इथेनॉलचा उल्लेख आहे, त्यांत सहसा १० टक्के ही वरची मर्यादा दिलेली असते. २० टक्क्यांत जुने पाइप, डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचे सील मऊ पडतात, फुगतात किंवा त्यांचे कण सुटतात. म्हणून बदलताना इथेनॉलला चालणारा पाइपच मागा. गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब कायमची जोडू नका, ती काही महिन्यांत कडक होऊन सांध्यावर तडकते.

दुसरा त्रास पाण्याचा, आणि तो जास्त धोकादायक आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. सक्शन नळी तळाशीच असते. मिक्स (ऑइल मिसळलेल्या) पेट्रोलवर चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, म्हणजे तो तळाचा घोट इंजिनाला ऑइलशिवाय मिळतो. गचके तर बसतातच, पिस्टनही घासतो.

तपासणीसाठी टाकीच्या तळातून अर्धा लिटर काचेच्या स्वच्छ बरणीत काढा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. रेघ दिसली किंवा तळाशी गढूळ थर दिसला, तर ती पूर्ण टाकी बाजूला काढा. हलवून पुन्हा मिसळत नाही. लागेल तेवढंच पेट्रोल भरा आणि मिक्स केलेलं महिन्याभरात संपवा. बसवलेल्या टाकीच्या बोटीवर पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावाच, हा खर्च टाळण्यासारखा नाही.

मोटरसायकलचं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल चालतं का?

चालवू नका. पाण्याने थंड होणाऱ्या ओबीएमला टीसी-डब्ल्यू३ प्रतीचं, राख न सोडणारं ऑइल लागतं. मोटरसायकलच्या ऑइलमधल्या पदार्थांचे कण प्लगच्या फटीत अडकतात आणि प्लग मधूनच बंद पडतो. नेमका तोच अधूनमधूनचा फॉल्ट, जो शोधण्यात आठवडा जातो. प्रमाण पुस्तिकेत पाहा. अनेक मॉडेलांत ते ५०ला १ असतं, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलि. अंदाजाने बाटली उपडी करू नका, मापाचा कप ठेवा.

गरम झालं की बंद पडतं, थंड झालं की पहिल्या दोरीत सुरू होतं. मेमध्ये तर रोजचंच. काय बघायचं?

या एका लक्षणामागे तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हींचे इलाज वेगळे. इथे घाई केली की पैसे वाया जातात. थंड झाल्यावर केलेली तपासणी निरुपयोगी, कारण तेव्हा सगळंच ठीक असतं. स्पार्क टेस्टर आणि प्लग पाना बोटीतच ठेवा आणि बंद पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत तपासा.

टेस्टरची फट सुमारे १० मिमी ठेवा. सीडीआय इग्निशनची (इलेक्ट्रॉनिक युनिटने ठिणगी देणाऱ्या पद्धतीची) निळसर पांढरी ठिणगी एवढं अंतर पार करते. प्लग काढून बॉडीला टेकवून दिसलेली ठिणगी फारसं सांगत नाही. मोकळ्या हवेत १ मिमी उडी मारणं सोपं असतं, सिलिंडरच्या दाबाखाली ते कठीण होतं. टेस्टर लावायच्या आधी काढलेला प्लग आणि सांडलेलं पेट्रोल दूर ठेवा.

ठिणगी नसेल किंवा पिवळी, अशक्त असेल, तर गरम होऊन उघडणारी कॉइल शोधायची. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. म्हणजे कॉइल ४० अंशांनी तापली तर मीटरवर १६ टक्के जास्त दिसणं स्वाभाविक आहे. पण रीडिंग एकदम अनंत झालं किंवा अचानक खाली कोसळलं, तर वायर आत तुटली आहे किंवा इन्सुलेशन गेलं आहे. इग्निशन कॉइल सोडवून, पेट्रोलपासून लांब टेबलावर, केस वाळवायच्या ड्रायरने गरम करत मीटर लावा. फ्लायव्हीलखालची चार्ज कॉइल (सीडीआयला वीज देणारी) आणि पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी) मात्र इंजिन गरम असतानाच, कनेक्टरवरून मोजा. आकडे तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या. सीडीआय युनिट साध्या मीटरने तपासता येत नाही, त्यासाठी पीक व्होल्टेज अडॅप्टर लागतो. तो नसेल, तर त्याच मॉडेलच्या चालू इंजिनाचं युनिट अर्धा तास लावून बघा. अंदाजाने नवीन सीडीआय विकत घेऊ नका, ते परत घेतलं जात नाही.

ठिणगी जोरदार आहे आणि त्रास बंद करून दहा-वीस मिनिटांनी पुन्हा सुरू करतानाच होतो, तर पेट्रोलची वाफ होतेय. चालताना पाणी इंजिन थंड ठेवतं. बंद केलं की पाणी थांबतं, ब्लॉकची उष्णता कव्हरखाली कोंडते आणि कार्बोरेटर व पंपातलं पेट्रोल उकळतं. नागपूरच्या ४५ अंशांत टाकीही उन्हात तापलेली असते. बल्ब कडक होईपर्यंत दाबा, चोक लावू नका, थ्रॉटल थोडा उघडून सुरू करा. टाकी सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा, फक्त हवेचं भोक झाकू नका. किनाऱ्याला लागल्यावर लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू द्या.

तिसरं कारण खरोखर तापण्याचं. ते पुढच्या प्रश्नात.

पाण्याची धार कधी जोरात, कधी बारीक. काळजीचं आहे का?

हो. मागून पडणारी ती धार म्हणजे पंप पाणी उचलतोय याची खूण. आधी धारेचं भोक बारीक तारेने मोकळं करा, त्यात बऱ्याचदा फक्त चिखल असतो. मग खालच्या गिअरकेसवरची जाळी पाहा. अंबाझरी तलावात जलपर्णी किती माजते हे नागपूरकरांना सांगायला नको. अशा पाण्यात जाळीवर पान चिकटलं की धार बारीक होते, रिव्हर्स मारला की पान सुटतं आणि धार परत येते.

जाळी स्वच्छ असूनही धार बारीक, तर इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक. गोड्या पाण्यात खारामुळे होणारी गंज नसते, पण गाळ असतो आणि तो रबरी पात्या आणि स्टीलचा कप दोन्ही घासतो. दर दोन वर्षांनी किंवा १०० ते २०० तासांनी इम्पेलर बदला, उथळ गढूळ पाण्यात त्याआधीच. काढलेल्या इम्पेलरची पाती तुटलेली असेल, तर ती शोधून काढा, पाण्याच्या वाटेत अडकलेली असते. वर्षभर उभ्या राहिलेल्या इंजिनात पात्या वाकलेल्याच राहतात.

थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारा वाल्व) पातेल्यात पाणी तापवून तपासा. अनेक जुन्या यामाहा टू-स्ट्रोकमध्ये तो ५० अंशांच्या आसपास उघडू लागतो. काढून फेकून देऊ नका. तो नसेल तर इंजिन स्लोवर फार थंड राहतं, प्लग काळे पडतात आणि नवा मिसिंगचा फॉल्ट तयार होतो.

लाटेवर आपटलं किंवा वळवलं की क्षणभर बंद. हे कशामुळे?

वायर. त्यातही आधी लाल दोरीचा किल स्विच (चालकाला बांधलेली दोरी सुटली की इंजिन बंद करणारा). या इंजिनांत स्टॉप वायर बॉडीला टेकली की करंट बंद होतो, तीच बंद करायची पद्धत आहे. म्हणजे ती वायर टिलर हँडलमध्ये (बोट वळवायच्या दांड्यात) किंवा कव्हरच्या कडेला घासून उघडी पडली, की दर हादऱ्याला इंजिन स्वतःला बंद करतं.

पडताळणीसाठी स्टॉप वायरचं कनेक्टर सोडा (यामाहाच्या अनेक मॉडेलांत ती पांढरी असते, तुमच्या इंजिनाचा आराखडा पाहून खात्री करा) आणि बोट जेटीला घट्ट बांधून चालवा. अशा स्थितीत स्विचने इंजिन बंद होणार नाही, चोक ओढून बंद करावं लागेल. हे सोबतच्या माणसाला आधी सांगा. ही चाचणी संपली की वायर लगेच जोडा. किल स्विच कायमचा काढून बोट चालवणं म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाभोवती फिरणारा पंखा (प्रोपेलर) मोकळा सोडणं, ते कुणीही करू नये.

सेल्फ-स्टार्टच्या बोटीत बॅटरीचे नट तपासा. हाताने फिरवायचे फुलपाखरी नट हादऱ्याने सैल होतात, त्या जागी नायलॉक नट लावा. चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६च्या खाली जाऊ नये. सेल्फ मारतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग केबल किंवा तिचे सांधे खराब आहेत. केबलचं टोक सोलून आत हिरवट पूड दिसली, तर ती केबल स्वच्छ होत नाही, बदला.

दोनांपैकी एक सिलिंडर मधूनच सोडतं. कोणतं ते कसं कळेल?

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन्ही सिलिंडर हेडचं तापमान बघा, थंड असलेलं काम करत नाही. चालू इंजिनावर प्लगची टोपी हाताने ओढून बघण्याची सवय सोडा. झटका बसतो आणि करंटला वाट न मिळाल्याने सीडीआय जाण्याची भीती असते. मग आधी प्लग आणि नंतर टोप्या एकमेकांत बदला. फॉल्ट प्लगबरोबर गेला तर प्लग, टोपीबरोबर गेला तर टोपी, तिथेच राहिला तर त्या सिलिंडरची कॉइल, कार्बोरेटर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). स्लोवरच सोडत असेल, तर पायलट जेट (कार्बोरेटरमधलं स्लोचं बारीक भोक). ते तारेने खरवडू नका, क्लीनर आणि हवेने साफ करा. नागपूर समुद्रसपाटीपासून फक्त ३१० मीटरच्या आसपास आहे, उंचीसाठी जेट बदलायची गरज नाही.

कॉम्प्रेशन मोजताना सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, किल दोरी काढा आणि प्लगच्या वायरी अर्थ करा. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. दोन सिलिंडरांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत आली, तर कार्बोरेटर आणि प्लगवर आणखी पैसे घालू नका.

ड्रममध्ये उत्तम चालतं, तलावात नाही. मिस्त्री म्हणतो फॉल्टच नाही.

२०० लिटरच्या ड्रममध्ये इंजिनावर भार नसतो. पेट्रोल कमी लागतं, सिलिंडरमधला दाब कमी, पाणी भरपूर. अशक्त पंप आणि अशक्त कॉइल दोन्ही तिथे पास होतात. बोट जेटीला दोन दोरांनी बांधून, गिअरमध्ये, थोडा वेळ भार देऊन बघा. माणसं मागून दूर ठेवा.

आवाज चढतो, बोट मात्र पळत नाही. क्लच गेला का?

बहुधा पंख्याचा रबरी हब घसरतोय. हबच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावरून रंगाची एक सरळ रेघ ओढा, बोट चालवा, परत बघा. रेघ तुटली तर हब गेला.

बचाव बोट वर्षभर उभी असते. वेळेवर सुरू होईल याची खात्री कशी करायची?

२३ सप्टेंबर २०२३ला पहाटे अंबाझरी ओसंडली आणि वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा बोटी काही तासांत लागल्या. अशा वेळी फॉल्ट शोधायला कुणाकडे वेळ नसतो. महिन्यातून एकदा भाराखाली किमान २० मिनिटं चालवा, फक्त सुरू करून बंद करणं पुरत नाही. शेवटी पाइप सोडून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्या, म्हणजे जेटमध्ये चिकटा बसत नाही. पाण्याशिवाय मात्र काही सेकंदही चालवू नका. मिक्स पेट्रोलच्या डब्यावर तारीख लिहा. पावसाळ्याआधी, मेअखेर, प्लग, ओ-रिंग आणि इम्पेलर पाहून ठेवा.

इनबोर्ड इंजिन असेल तर काय वेगळं?

पेट्रोल इनबोर्ड सुरू करण्याआधी ब्लोअर किमान चार मिनिटं चालवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळात साचते. अधूनमधून बंद पडत असेल, तर टाकीवरचा अँटी-सायफन वाल्व (टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहू न देणारा) आणि इंजिनावरचं मोठं अनेक पिनांचं कनेक्टर आधी तपासा. डिझेलमध्ये जवळजवळ नेहमी हवा, पाणी किंवा स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल तोडून इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या भागाची) सैल वायर. इंजेक्टर शेवटी. इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोकमध्ये आधी एरर कोड वाचा.

बोटीत कायम काय ठेवायचं?

नेमक्या नंबरचे दोन प्लग, प्लग पाना, स्पार्क टेस्टर, दोन ओ-रिंग, चार क्लिप, एक मीटर पेट्रोल पाइप, जादा किल दोरी, सुरू करायची दोरी, शिअर पिन (पंखा अडकला की तुटणारी) असेल तर दोन. याशिवाय वल्ही, नांगर, लाइफ जॅकेट आणि अग्निशामक, हे इंजिन कितीही भरवशाचं असलं तरी.

फॉल्ट खरंच सापडला हे कधी समजायचं?

वहीतली परिस्थिती पुन्हा तयार करा: तेवढंच पेट्रोल, तेवढीच मिनिटं, तेवढंच ऊन. तीन वेळा त्रास आला नाही, की जुना भाग एकदा परत लावून बघा, बोट किनाऱ्याला बांधलेली असतानाच. त्रास परत आला तर तोच भाग दोषी होता. मग तो फेका आणि वहीत तारीख घाला.